काट्यावर न चढलेली वायर

४ ऑक्टोबर, शनिवार

आज डॉक्टरांनी सासूबाईंचं सगळं ऐकून घेतलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रवासाला माझी हरकत नाही. पण रात्री आठ तास मशीन चाललंच पाहिजे. मधेच बंद पडलं तर जबाबदार कोण?"

"मी," मी म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की बायकोनं वळून पाहिलं.

म्हणून ही वही. जबाबदारी घेतली की नोंद ठेवावी.

परिस्थिती अशी. सासूबाई एक्क्याऐंशीच्या. झोपेत त्यांचा श्वास अडखळतो, म्हणून रात्री नाकावर मास्क आणि उशाशी हवा ढकलणारं एक छोटं मशीन. त्यांची थोरली बहीण शहाऐंशीची, दोन दिवसांच्या रस्त्यावर राहते. अकरा वर्षं दोघींची भेट नाही. तासभर बसलं की सासूबाईंची पाठ धरते, त्यामुळे मोटार बाद. रेल्वेत मशीनला रात्रभर विजेची खात्री नाही, तीही बाद. राहिलं आपलं मोटरहोम, ज्यात मागच्या पलंगावर आडवं होता येतं. सासूबाई त्याला 'खोका' म्हणतात. मी ते मनावर घेत नाही.

अडचण खोक्याच्या, म्हणजे गाडीच्या, बॅटरीची. उन्हाळ्यात ती अचानक संपली तेव्हा पॅनेलवरचे चारही हिरवे दिवे ऐटीत लागलेले होते. तेव्हा फक्त लोणी वितळलं. आता प्रश्न श्वासाचा आहे.

बॅटरीत किती वीज उरली हे टक्क्यांत सांगणारा मॉनिटर बसवायचा. मीच बसवणार. मला वीज कुणी शिकवलेली नाही. मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी नोंदणी कार्यालयात. जे येतं ते माहितीपुस्तिका वाचून. आणि पुस्तिका मी शेवटच्या पानापर्यंत वाचतो. लोक हमीपत्र फाडून घेतात आणि उरलेलं फेकून देतात.

८ ऑक्टोबर, बुधवार

तीन प्रकार पाहिले. तक्ता केला: अकरा रकाने.

पहिला नुसता व्होल्ट दाखवतो. बाद. व्होल्टवरून बॅटरी ओळखणं म्हणजे चेहऱ्यावरून माणसाचं पोट भरलंय का ओळखणं. दुसऱ्याला पडदाच नाही, सगळं मोबाईलवर. दुकानदाराचा ओढा त्याकडे. "साहेब, आता सगळे हाच घेतात." मी विचारलं, "मोबाईलची बॅटरी संपली तर?" तो म्हणाला, "गाडीत चार्ज करा." मी म्हटलं, "आणि गाडीत वीज आहे का हे कशावर बघू?" त्यावर तो आत जाऊन तिसरा घेऊन आला. असं पटवावं लागतं लोकांना.

तिसरा उत्तम. गोल पडदा, हवं तर मोबाईलवरही दिसतं, आणि सोबत शंट. शंट म्हणजे पितळेचा एक जाड तुकडा. बॅटरीतून जाणारी आणि येणारी सगळी वीज त्यातून जाते आणि तो ती मोजतो.

घरी आणल्यावर बायकोनं तक्त्याकडे बघितलंच नाही. पडदा हातात घेऊन म्हणाली, "आकडे मोठे आहेत. आईला पलंगावरून दिसतील." बारावा रकाना वाढवायला हवा होता, हे कबूल.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे काटाच की हा."

"काटा नाही आई, मॉनिटर."

"आत गेलं किती, बाहेर पडलं किती. बत्तीस वर्षं गोदामाच्या वजनकाट्यावर बसले मी जावईबापू. काटाच आहे हा."

वहीत मात्र मी मॉनिटरच लिहिणार.

११ ऑक्टोबर, शनिवार

बसवला! सकाळी आठ ते दुपारी साडेतीन. पुस्तिकेतलं मुख्य वाक्य मी लाल पेनानं दोनदा अधोरेखित केलं आहे: 'बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला फक्त शंटची वायर जोडावी. बाकी सर्व काळ्या वायरी शंटच्या दुसऱ्या बाजूला याव्यात.' सहा काळ्या वायरी होत्या: दिवे, पंप, पंखा, फ्रिज, सोलर, इंजिनकडून येणारी. प्रत्येकीच्या टोकाला नवीन थिंबल, म्हणजे धातूची कडी, दाबली, प्रत्येकीवर चिठ्ठी. बायको दोनदा चहा घेऊन आली आणि दोन्ही वेळा तिला मी पाना धरायला लावला, त्यामुळे दुसरा चहा मी गारच प्यायलो.

बॅटरी पूर्ण भरली, पडद्यावर १००. मी गाडीबाहेर जाऊन खिडकीतून पाहिलं. बाहेरूनही १००.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज सासूबाईंच्या मशीनची जोडणी. हे काम मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यांच्या श्वासाच्या आणि बॅटरीच्या मधे कुठलंही बटण नको, पेटी नको, माझं स्वतःचं यंत्रसुद्धा नको. म्हणून जाड वायरींची स्वतंत्र जोडी घेतली आणि थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडली. लाल वायरीला तिचा वेगळा फ्यूज. या जोडीवर दुसरं काहीही नाही. चिठ्ठीवर लिहिलं: 'मानाची वायर'.

सासूबाईंना दाखवली. म्हणाल्या, "छान. आमच्या गोदामात मालकाची मोटार अशीच यायची. थेट."

कौतुक करताना त्यांचा चेहरा वेगळाच होतो. जरा विचारात पडल्यासारखा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काल रात्री पहिली चाचणी. गाडी अंगणातच, सासूबाई आणि बायको गाडीत झोपल्या. मशीन रात्रभर चाललं. सकाळी पडद्यावर ९८!

आठ तासांत दोन टक्के! मी मशीनची पुस्तिका काढून पाहिली. तीत याच्या पंधरापट खप दिलाय. हे कंपनीवाले स्वतःच्या सोयीनं जास्तच लिहून ठेवतात. शिवाय जाड वायरीत वीज वाया जात नाही हे माझं मत होतंच.

दुपारपर्यंत सोलरनं बॅटरी पुन्हा १०० केली, आणि तरी वीज आत येतच राहिली, चारपर्यंत. दोन टक्के भरायला एवढा वेळ? पॅनेल मी परवा ओल्या फडक्यानं पुसले, त्यामुळे जोमात असणार.

बायकोनं विचारलं, "व्होल्ट कमी दाखवत होता ना सकाळी?"

मी तिला चेहरा आणि पोटाचं उदाहरण पुन्हा सांगितलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लिहायला हात वळत नाही.

शनिवारी खरी परीक्षा सुरू केली. रस्त्यात ढग असले तर काय, म्हणून पॅनेल ताडपत्रीनं झाकले आणि तीन रात्री सलग मशीन. रविवारी सकाळी ९८. सोमवारी ९६. आज पहाटे मशीन बंद पडलं. सासूबाई स्वतःच उठून बसल्या होत्या. मी गेलो तेव्हा मास्क मांडीवर, पाण्याचा ग्लास हातात. मला म्हणाल्या, "मेलं तुमचं मशीन."

पडद्यावर ९४ टक्के. ९४! आणि बॅटरी ठार. पंपातून एक थेंब पाणी येईना.

बायकोनं आईची शाल उचलली, उशी उचलली, चप्पल दारात नीट लावून दिली आणि तिला हाताला धरून घरात नेलं. मग परत येऊन म्हणाली, "मावशीला फोन करून सांगते, जमत नाही म्हणून. रस्त्यात असं झालं असतं तर?"

"आठवडा दे मला."

"अहो, आकडा चौऱ्याण्णव होता."

मॉनिटर खराब निघाला. उद्या परत करतो.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दुकानदार म्हणाला, "साहेब, सगळ्या काळ्या वायरी शंटवर आहेत ना?" मी त्याला चिठ्ठ्यांचे फोटो दाखवले. सहाच्या सहा. तो म्हणाला, "काम सुरेख आहे." मग म्हणाला, कुणा वायरमनला एकदा बघू दे. मी निघून आलो.

घरी आलो तर स्वयंपाकघरात मायलेकी मटार सोलत होत्या. मी आत पाऊल टाकताच दोघी गप्प. माझं दुःख पाहून त्यांना बोलवत नसणार. बसलो मटार सोलायला.

सासूबाईंनी एक गोदामाची गोष्ट काढली. त्यांच्या गोष्टी लांबतात. यातही तेच. एका वर्षी म्हणे हिशेबात रोज चाळीस पोती कमी भरायची. काट्यावर नोंद चोख, कुलपं चोख, आणि पोती गायब. साहेबानं काटा तीनदा तपासून घेतला, नवा काटा मागवायला निघाला.

"आणि मग?" बायकोनं विचारलं. ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकली असेल, तरी विचारते.

"मग काय. मालकाची मोटार. मागच्या फाटकानं जायची, डिकी भरून. थेट. मालकाला काट्यावर चढ म्हणणार कोण?"

"म्हणजे काट्याची चूक नव्हतीच?"

"काट्याची कसली चूक गं. जे काट्यावर चढलंच नाही ते काटा कसं मोजणार?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मालकच चोर! कठीण आहे." सासूबाईंनी एक मटार उचलला, पुन्हा खाली ठेवला. वयानुसार होतं असं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आजची तारीख मी लाल शाईनं लिहिली आहे. कारण पुढे येईल.

संध्याकाळी बायको कोरा कागद आणि नातवंडांचे रंगीत खडू घेऊन बसली. "अहो, मला एकदा ही सगळी जोडणी चित्र काढून समजावा. मावशीला फोनवर कारण सांगायला नको का? मला त्यातलं काही कळत नाही."

तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी सविस्तर काढलं. बॅटरी, तिची दोन टोकं, शंट, फ्यूज. लाल खडूनं लाल वायरी, काळ्यानं काळ्या.

ती बोटानं मोजत बसली. "दिवे, पंप, पंखा... या शंटवर काळ्या सहा. बरोबर?"

"बरोबर."

"आणि एकूण लाल... सात. नाही हो, माझंच चुकलं असेल. मला आकड्यांचं कुठे कळतं. तुम्हीच मोजा."

मी मोजल्या. लाल सात. शंटवर काळ्या सहा.

आणि त्या क्षणी, कुणीही काही न सांगता, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! मानाची वायर! तिची काळी बाजू मी थेट बॅटरीवर नेली होती. शंटला वळसा घालून. गाडीतलं सगळ्यात मोठं ओझं, तेच नेमकं मोजलं जात नव्हतं. मी इतका जोरात ओरडलो की सासूबाई आतून "काय झालं, काय झालं" करत आल्या.

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना पटकन समजलं. बराच वेळ मान हलवत होत्या. म्हणाल्या, "शाबास जावईबापू. आम्हाला हे जन्मात सुचलं नसतं." आणि लगेच पदर तोंडाला लावून खोकल्या. बायकोला तर आनंद आवरेना. ती गॅलरीतच निघून गेली.

दुकानदाराला, वायरमनला, कुणालाच दिसलं नसतं हे. त्यासाठी जोडणी मुळातून समजलेली असावी लागते.

मानाची काळी वायर आता शंटवर आहे. कामाला अकरा मिनिटं लागली. चिठ्ठी तशीच ठेवली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

एका रात्रीत १०० वरून ७०. मशीन एकटं ताशी ३.९ अँपिअर घेतं. पुस्तिकेत हेच लिहिलंय. खरा आकडा मोठा आहे, पण आता काय ते समोर आहे. गाडी चालताना इंजिन बॅटरी भरतं, सोलर आहे, वाटेत मुक्काम एकच. हिशेब डॉक्टरांना कागदावर मांडून दाखवला. ते म्हणाले, "इतकं नको होतं, पण ठीक आहे." बायकोनं मावशींना फोन लावला आणि फोन आईच्या हातात दिला. सासूबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "येते गं. मला जिना चढवू नकोस, एवढं बघ." आणि फोन उलटा धरून बटण शोधत राहिल्या.

माझा एक नियम त्यांना सांगून ठेवलाय. बॅटरी पन्नासच्या खाली न्यायची नाही. तिचं आयुष्य कमी होतं.

२ नोव्हेंबर, रविवार

पोचलो. वाटेतल्या रात्री मशीन आठ तास दहा मिनिटं चाललं. सकाळी ७१. आज पोचेपर्यंत पुन्हा १००. मी स्वतःशीच टाळी वाजवली.

मावशी तळमजल्यावर राहतात, मुलाच्या घरी. चाकाच्या खुर्चीवर अंगणात येऊन बसल्या होत्या. सासूबाई गाडीच्या पायऱ्यांवरून उतरल्या, दोघी समोरासमोर झाल्या, आणि मला वाटलं आता रडतील.

मावशी म्हणाल्या, "एवढी म्हातारी कधी झालीस गं?"

"तुझ्या मागोमाग."

बस्स. मग दिवसभर त्यांच्या मधे दुसऱ्या कुणाला जागा नव्हती. फळी लावून खुर्ची गाडीत चढवली, मावशींना पलंग दाखवला, पंप, दिवे. मावशी पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हे काय?"

"काटा," सासूबाई म्हणाल्या. "जावयानं स्वतः बसवलाय. चूकही स्वतःच शोधली."

मग मावशींनी जाहीर केलं की आज त्या गाडीतच झोपणार, धाकटीजवळ. त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, तुझं मशीन?" तर त्यांनाही तेच दुखणं, तेच मशीन! घराण्यातच आहे. जादाची पिन मी सोबत ठेवतोच, त्यामुळे जोडायला अडचण नाही. पण हिशेब: आत्ता ९६. दोन मशीन, आठ तास, म्हणजे सकाळी सदतीसच्या आसपास. पन्नासच्या खाली.

मी तोंड उघडलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"सकाळी नऊला निघायचंय," मी म्हटलं. "वेळेवर झोपा."

एका रात्रीनं बॅटरी मरत नाही. दोन्ही मशीन लावून दिली, मास्क हाताशी ठेवले. मी आणि बायको मावशींच्या मुलाकडे झोपतोय.

३ नोव्हेंबर, सोमवार

सहाला उठून गाडीपाशी गेलो. खिडकीतून पडदा पाहिला. सदतीस अपेक्षित. होते ८६.

आधी वाटलं, पुन्हा एखादी वायर. पण मागच्या काही तासांची नोंद हा मॉनिटर ठेवतो, ती मोबाईलवर काढून बघितली. रात्री नऊपासून ताशी १.२, सरळ रेघ, एकही चढउतार नाही. १.२ म्हणजे पलंगावरचा दिवा. नुसता दिवा. नऊ तास. दोन्ही मशीन एक मिनिटसुद्धा चाललेली नाहीत.

दार ढकललं. दोघी भिंतीला उशा लावून बसलेल्या, एकच शाल दोघींच्या पायांवर, मास्क कोपऱ्यात जसेच्या तसे. मावशी कुणाची तरी नक्कल करत होत्या आणि सासूबाई डोळे पुसत हसत होत्या.

"आई, मशीन!"

"अहो, मास्क लावून बोलता येतं का?" सासूबाई म्हणाल्या. "झोपलोच नाही, तर श्वास अडखळेल कसा?"

यातली तांत्रिक चूक मला सापडली नाही.

"पण नऊला निघायचंय."

त्या हसायच्या थांबल्या. "हो," म्हणाल्या. "ठरलंय ना. निघू." आणि शाल मावशींच्या पायांवर नीट केली.

मी दोघींना मास्क लावून दिले, दिवा बंद केला. दहा मिनिटांत पडद्यावर ७.८. म्हणजे दोघींची मशीन चालू, दोघी झोपेत. मावशींचं नाक मास्कमधूनही वाजतं.

पावणेनऊला बायको दोन पिशव्या घेऊन आली. "आवरलं? आई उठली का?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "बॅटरी किती आहे?"

आयुष्यात मी नोंदीत एक आकडा खोटा लिहिलेला नाही. या वहीतही नाही. बॅटरी तेव्हा ६८ होती, ऊन चांगलं पडलेलं, निघायला एकही अडचण नव्हती. मी पडद्यासमोर उभा राहिलो, पाठ त्याच्याकडे करून.

"भरायची आहे अजून," मी म्हटलं. "आज नाही जमणार. उद्या बघू."

तिनं माझ्या खांद्यावरून मागे डोकावलं नाही. पिशव्या उचलल्या आणि मावशींच्या मुलाला आज तीन माणसं जेवायला जास्त आहेत असं सांगायला गेली.